शिळ्या रिसोटोचे कुरकुरीत गोळे

अगं, रिसोटो उरला की दुसऱ्या दिवशी दुपारी तू एकटीच तो डब्यातून गारढोण खातेस, हे तू फोनवर सहज बोलून गेलीस आणि मला ते लागलं. नवरा ऑफिसात चार माणसांत बसून गरम जेवतो आणि घरून काम करणारी तू कालचं संपवतेस. तुला वाटतं, त्यात काय एवढं? आपल्या आजीला तसंच वाटायचं, आईलाही. सगळ्यांची पानं उठल्यावर पातेल्यात उरलेलं बाईने खायचं आणि त्याला काटकसर म्हणायचं, हे आपण लहानपणापासून इतकं पाहिलंय की ते तुझ्या सामानाबरोबर मिलानपर्यंत आलं. आज त्याच रिसोटोचे एअर फ्रायरमध्ये कुरकुरीत गोळे कसे करायचे ते तुला नीट, हाताला धरून सांगते. पण कृतीच्या आडून जे सांगायचंय ते आधीच सांगून टाकते: उरलेलं अन्न फक्त तुझ्या ताटात जाऊ देऊ नकोस. एक तर त्याला चौघांपुढे गरम ठेवण्याजोगं रूप दे, नाहीतर टाकून दे.

रिसोटो दुसऱ्या दिवशी पुन्हा रिसोटो होत नाही, हे मनाशी पक्कं कर. आर्बोरियो घे, कार्नारोली घे, नाहीतर व्हियालोने नानो. या सगळ्या तांदळांचा गुण एकच. ढवळता ढवळता दाण्याचा स्टार्च रश्शात उतरतो आणि त्यातूनच तो मऊ, आसट, मलईदारपणा येतो. पण तो गरम असेपर्यंतच. गार झालं की हाच स्टार्च आवळून येतो, दाणे एकमेकांना धरून बसतात आणि डब्यात त्याची वडी तयार होते. तू त्यात दूध किंवा पाणी घालून मायक्रोवेव्हमध्ये फिरवतेस तेव्हा दाणा गिच्च होतो आणि लोणी कडेला सुटतं. मग तुला वाटतं, आपल्याला इटालियन स्वयंपाक जमत नाही. जमतो गं, छान जमतो. तो पदार्थच ताटात पडल्यापासून पाच-दहा मिनिटांत खायचा आहे. आणि रिसोटोची जी चव गार झाल्यावर गेली, तिच्या बदल्यात गोळ्याला हवा तो घट्टपणा आयता मिळालेला असतो. गरम रिसोटोचा गोळा कुणालाच वळता येणार नाही. फ्रीजमध्ये रात्रभर राहिलेल्याचा मात्र डोळे मिटून वळता येतो.

तुझ्या मिलानकरांना हे चांगलं ठाऊक आहे. केशर घातलेला त्यांचा पिवळाधमक रिसोटो उरला की ते तो लोण्यावर, तव्यात पातळ थापतात आणि दोन्ही बाजूंनी खरपूस करतात. रिझो आल साल्तो म्हणतात त्याला. भाताच्या पातेल्याच्या तळाची खरवड आपण भांडून खायचो ना, तीच चव, फक्त लोणी आणि केशर घातलेली. काही खानावळींत तो मुद्दाम करून वाढतात. एकदा दोघं जाऊन खाऊन ये, म्हणजे उरलेल्या भाताचा मान केवढा असतो ते तुला दिसेल. रोममध्ये टोमॅटोच्या रश्शात शिजवलेल्या भाताचे लांबट गोळे तळतात, सुप्ली नावाचे. पोटात मोझरेलाचा तुकडा असतो, आणि गरम असताना मोडला की दोन्ही अर्ध्यांमध्ये चीजची तार लोंबते.

अरांचिनी नावाचे भाताचे गोळे मात्र सिसिलीचे, आणि तिथे ते खरं तर उरलेल्या रिसोटोचे नसतातच. त्यांच्यासाठी वेगळा भात शिजवतात, बहुतेकदा केशर घालून, आणि पसरून पूर्ण गार करतात. मग आत मटार घातलेला खिम्याचा रस्सा, किंवा हॅम आणि चीज भरून मुठीएवढा गोळा वळतात. पालेर्मोत तो गोल असतो, कातानियात वरून निमुळता, शेजारच्या एटना पर्वताच्या घाटाचा. पालेर्मोत १३ डिसेंबरला, सांता लुचियाच्या दिवशी, लोक पाव आणि पास्ता खात नाहीत आणि दिवसभर हेच गोळे खातात. १६४६ सालच्या दुष्काळात याच दिवशी बंदरात धान्याचं गलबत लागलं, अशी तिथली आठवण आहे; गहू दळायलाही न थांबता लोकांनी तो तसाच शिजवून खाल्ला, म्हणून त्या दिवशी पाव-पास्ता खायचा नाही. अमुक दिवशी अमुक धान्य वर्ज्य, हे आपल्यासारख्या उपासतापास पाहिलेल्या मुलींना वेगळं समजावून सांगायला नको. आंद्रेया कामिल्लेरी या सिसिलियन लेखकाची एक कथाच या गोळ्यांवर आहे. इन्स्पेक्टर मोन्ताल्बानोला वर्षाच्या शेवटच्या रात्री आपल्या घरकामाच्या बाईच्या, आदेलीनाच्या, हातचे अरांचिनी खायचे असतात आणि त्यासाठी तो बाकीची सगळी आमंत्रणं टाळतो. आदेलीनाला ते करायला दोन दिवस लागतात. ही दोन दिवसांची गोष्ट तू लक्षात ठेव, कारण तुझे गोळे चांगले होणार की नाही हे आदल्या रात्रीच ठरतं. यंत्राचं काम नंतरचं आणि थोडकं.

तर आदली रात्र. जेवणं झाली की पातेलं शेगडीवर झाकून ठेवून गप्पा मारत बसायचं नाही. उरलेला रिसोटो लगेच पसरट ताटात काढ, बोटभर जाडीचा थर दे. खोलगट डब्यात भरलास तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि तिथेच धोका असतो. पसरलेला भात पटकन निवतो. वाफ जिरली की वर झाकण किंवा क्लिंग फिल्म लावून तासाभराच्या आत फ्रीजमध्ये, आणि फ्रीज ५ अंशांपेक्षा गार असू दे.

इथे जरा थांबते, कारण हे आपल्याला कुणी सांगितलेलं नाही. कच्च्या तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, आणि ते शिजवल्यानेही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत बाहेर पडून राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. ते विष उष्णतेला दाद देत नाही. म्हणजे रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी कितीही खरपूस परतलास, तळलास, वाफवलास तरी एकदा तयार झालेलं विष जात नाही, आणि खाल्ल्यावर काही तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. आपल्याकडे रात्रीचा भात झाकून ठेवून सकाळी फोडणीला टाकायची पद्धत घरोघरी आहे, आणि ‘आम्हाला कधी काही झालं नाही’ असं म्हणणारीही माणसं घरोघरी आहेत. त्यांच्याशी वाद घालू नकोस. आपला भात तेवढा फ्रीजमध्ये ठेव. ब्रिटनच्या अन्नसुरक्षा खात्याचा सल्ला सोपा आहे आणि मी तो जसाच्या तसा पाळते: भात तासाभरात गार करायचा, फ्रीजमध्ये २४ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, पुन्हा गरम करताना आतपर्यंत वाफाळता करायचा आणि एकदाच करायचा. रविवारचा रिसोटो बुधवारी सापडला तर तो वास घेऊनही पाहू नकोस, या विषाला वास नसतो. सरळ टाक. अन्न टाकताना आपला हात अडखळतो, कारण अन्न हे पूर्णब्रह्म म्हणून आपण वाढलो. पण तुझं पोट म्हणजे शिळं जिरवायची जागा नव्हे, आणि ते तिथे ढकलल्याने अन्नाचा मान राहत नाही.

आता दुसरा दिवस. साधारण ४०० ग्रॅम रिसोटो उरला असेल तर लिंबाएवढे दहा-बारा गोळे होतात. सिसिलीच्या मुठीएवढ्या गोळ्याच्या मोहात पडू नकोस. तिथे तो तळणीच्या तेलात बुडतो, त्याला चहूबाजूंनी एकदम उष्णता मिळते. तुझ्या यंत्रात तो बाहेरून करपेल आणि आत गारच राहील. भात हाताने मोकळा कर. मिश्रण घट्ट असेल तर काही घालू नकोस. मऊ वाटलं, गोळा ताटलीत बसकण मारतोय असं दिसलं, तर दोन चमचे ब्रेडचा चुरा घालून दहा मिनिटं ठेव. मैदा किंवा कॉर्नफ्लोअर भातात मिसळायचं नाही, त्याने आतला भाग पिठूळ लागतो. मीठ चाखून बघ, गार पदार्थात ते कमी जाणवतं, पण रिसोटोत चीज आधीच आहे, म्हणून हात आखडताच ठेव.

हात ओले करून भाताचा गोळा तळहातावर चपटा कर, मध्ये मोझरेलाचा बोराएवढा तुकडा ठेव, कडा उचलून बंद कर आणि दोन्ही तळव्यांत घट्ट दाबत वळ. दाबायला कंटाळू नकोस. एका ठिकाणी जरी भेग राहिली तरी चीज तिथूनच बाहेर येतं आणि जाळीवर जळतं. ताजा मोझरेला पाण्यातला असतो, तो आधी चिरून, टिश्यूवर ठेवून चांगला निथळू दे. नाहीतर आत पाणी सुटतं आणि वाफेने गोळा फुटतो. वळून झाले की ताटलीत मांडून अर्धा तास पुन्हा फ्रीजमध्ये.

चीजबद्दल एक गोष्ट, कारण सासूबाई येणार आहेत म्हणालीस आणि त्या कट्टर शाकाहारी आहेत. पार्मिजानो रेज्जानो आणि ग्राना पादानो ही दोन्ही चीज वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने विरजतात. पार्मिजानोच्या बाबतीत तर नियमच तसा आहे. त्यामुळे भाज्यांचा रिसोटो असला तरी तो त्यांच्या अर्थाने शाकाहारी होत नाही. त्यांना न सांगता वाढू नकोस, तो विश्वासाचा प्रश्न आहे. तुमच्याकडच्या दुकानात वेष्टणावर सूक्ष्मजीवजन्य किंवा वनस्पतीजन्य रेनेट लिहिलेलं किसायचं चीज मिळतं, ते आण. रस्साही भाज्यांचाच घे, आणि वाइन घालणार असशील तर तेही आधी विचार.

वरच्या आवरणासाठी अंडं लागतं असं तुला वाटतंय, ते लागत नाही. सिसिलीतच गोळा मैदा आणि पाण्याच्या सरसरीत पिठात बुडवून मग ब्रेडच्या चुऱ्यात घोळवतात. अर्धी वाटी मैद्याला अर्धी वाटी पाणी, चिमूटभर मीठ, गुठळी राहू द्यायची नाही, चमच्यावरून सलग धार पडली पाहिजे. सासूबाईंचाही प्रश्न सुटला आणि चवही मूळची राहिली. फक्त बुडवलेला गोळा क्षणभर निथळू दे. एअर फ्रायरमध्ये जाड, ओलं पीठ चालतच नाही. तेलात ते पडल्या पडल्या आवळतं, इथे ते जाळीच्या भोकांतून खाली गळतं.

आणि आता खरी युक्ती. ब्रेडचा चुरा आधी भाजून घे. एक वाटी चुऱ्याला एक मोठा चमचा ऑलिव्ह तेल, हाताने चोळून, जाड बुडाच्या पॅनमध्ये मंद आचेवर, सतत हलवत. पाचेक मिनिटांत त्याला टोस्टचा वास सुटतो आणि रंग फिकट बदामी होतो. तिथेच थांब, पुढचा रंग फ्रायरमध्ये चढणार आहे. हे का करायचं ते सांगते. एअर फ्रायर म्हणजे वर तापलेली कॉइल आणि तिच्याजवळ जोरात फिरणारा पंखा. तो गरम वारा पृष्ठभाग सुकवतो. पण वाऱ्याने उष्णता पोचायला तेलापेक्षा वेळ लागतो. कोरा, पांढरा चुरा बदामी होईपर्यंत आतला भात तापून फुगतो, वाफ बाहेर पडायला वाट शोधते, आवरण तडकतं आणि चीज वाहून जातं. चुरा आधीच भाजलेला आणि तेल लागलेला असला की यंत्राला फक्त आतला भाग गरम करायचा आणि वरचं कुरकुरीत करायचं एवढंच उरतं. हे यंत्र आलं २०१० साली, फिलिप्सने ते बर्लिनच्या प्रदर्शनात आणलं. गोळ्याची कृती त्याच्या कितीतरी आधीची, कढईभर तेलासाठी बेतलेली. म्हणून कृतीत एवढा बदल आपण करायचा. आपल्याकडे माशाला लावतात तसा रवा लावू का, असं विचारशील. नको. तेल कमी पडलं की रवा पांढराच राहतो आणि दाताखाली कचकचतो.

यंत्र २०० अंशांवर पाच मिनिटं रिकामं तापू दे. रिकाम्या जाळीत बेकिंग पेपर ठेवून तापवू नकोस, तो वाऱ्याने उडून कॉइलला चिकटतो; आणि गोळ्यांखालीही मला तो आवडत नाही, खालची हवा अडते. जाळीला ब्रशने तेलाचा हात फिरव, गोळे एकमेकांना न टेकता एका थरात मांड, वरून प्रत्येकाला ब्रशने किंवा साध्या पंपाच्या बाटलीने तेलाचा हलका हात दे. डबाबंद स्प्रे वापरू नकोस. त्यातल्या लेसिथिनचा चिकट थर जाळीवर बसतो, तो घासून निघत नाही आणि घासता घासता नॉनस्टिकचा थर जातो. आठ मिनिटांनी चिमट्याने हळूच उलट, मग आणखी चार-पाच मिनिटं. घाईने सगळे एकाच वेळी कोंबू नकोस. दोन घाणे कर. पहिल्या घाण्यातला एक गोळा मोडून बघ. मधून वाफ आली पाहिजे आणि चीजची तार सुटली पाहिजे. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ७५ अंश.

वरून खरा तळणीचा रंग येणार नाही, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. तेलातला गोळा सगळीकडून सारखा सोनेरी होतो. हा थोडा ठिपक्याठिपक्यांचा, खाली जाळीच्या रेघा उमटलेला होतो. चव खमंग, आवरण कडकडीत, आणि हाताला तेल नाही. कढईभर तेल तापवायचं, मग उरलेल्या तेलाचं काय करायचं म्हणून आठवडाभर त्याची बाटली ओट्यावर ठेवायची, हे सगळं वाचतं. दोन माणसांच्या घरात मला हाच मार्ग योग्य वाटतो.

सारणात काय भरायचं यात तू मोकळी आहेस. केशराच्या रिसोटोत नुसतं चीज किंवा मटार. मशरूमच्या रिसोटोत काहीच नको, भातच पुरेसा बोलका असतो. कातानियात तळलेलं वांगं आणि टोमॅटो भरलेले गोळे मिळतात. वांग्याच्या बाबतीत तुला माझी शिकवणी नको, फक्त ते भरताइतकं ओलं ठेवू नकोस, चांगलं आटव. एटनाच्या उतारावरच्या ब्रोन्ते गावचा पिस्ता नावाजलेला, तो घातलेलेही असतात. ठेचा भरू का, हे तू विचारणारच. भोपळ्याच्या किंवा टोमॅटोच्या रिसोटोत चीजच्या पोटात चिमूटभर ठेचा झकास लागतो. केशराच्या रिसोटोत मात्र घालू नकोस, केशर पार दडपून जातं. सोबत लसूण आणि बेसिल घालून आटवलेला टोमॅटोचा रस्सा ठेव, वाटीत, गरम.

आईला ही कृती पाठवणार असशील तर तांदळाचं एवढंच सांग: पुण्यात आर्बोरियो शोधत फिरू नकोस, इंद्रायणी किंवा आंबेमोहोर घे. दोन्ही चिकट आहेत, गोळा छान धरतो. फक्त ते लवकर मऊ होतात, म्हणून रस्सा थोडा थोडा घालत जा आणि दाण्यात किंचित कणी असतानाच गॅस बंद कर. तिच्याकडे उन्हाळ्यात ओटा केवढा तापतो ते तुला माहीतच आहे, तेव्हा फ्रीजचं तिला दोनदा सांग.

आणखी एक. भाजलेले गोळे उरले तर ते पुन्हा फ्रीजमध्ये नाहीत. भात दुसऱ्यांदा गरम झालेला आहे, तिसऱ्यांदा नाही करायचा. म्हणून खाणारी माणसं मोजूनच फ्रायरमध्ये टाक. बाकीचे चुऱ्यात घोळवलेले, न भाजलेले गोळे ताटलीत सुटे गोठव आणि मग पिशवीत भरून फ्रीझरमध्ये ठेव. महिनाभर चांगले राहतात. काढल्यावर बाहेर ठेवून नरम करू नकोस, गोठलेलेच १८० अंशांवर सोळा-अठरा मिनिटं. अचानक कुणी आलं की चहाबरोबर काय द्यायचं हा प्रश्न सुटतो, आणि दुपारी मीटिंग संपल्यावर भूक लागली तर तुला स्वतःसाठी चार गोळे टाकता येतात. स्वतःसाठी यंत्र लावायला संकोच करू नकोस. विजेचं बिल त्याने फार वाढत नाही.

शनिवारी रिसोटो करशील तेव्हा मुद्दाम वाटीभर तांदूळ जास्त घाल. रविवारी नवऱ्याला चुरा भाजायला उभं कर, तू गोळे वळ. आणि पहिल्या घाण्यातला मोडून पाहिलेला तो गरम गोळा कुणाला वाढू नकोस, तूच खा.